धरणातले पिंजरे आणि गावाचं पाणी

नांदुऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा ऊन नव्हतं, तरी घामाच्या धारा लागल्या. पावसाळा सरत आला होता. आभाळ गच्च भरलेलं आणि वारा अजिबात नाही. मी दापोलीची, दमट हवेची सवय असलेली. पण इथे झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

दापोलीत माझी मासळीच्या जेवणाची खानावळ आहे. समुद्रातली मासळी हल्ली पूर्वीसारखी येत नाही, आणि पिंजऱ्यात वाढवलेला मासा घ्या म्हणून व्यापारी मागे लागलेत. मुंबईचे पाहुणे जेवता जेवता परदेशातल्या मत्स्यशेतीतल्या सॅमन माशावरून हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो, अशा शेतीनेच समुद्र वाचेल. दुसरा म्हणतो, तिनेच पाणी नासेल. ताटं वाढता वाढता दोघांचंही ऐकून शेवटी ठरवलं, आपणच जाऊन बघावं. माझी शाळेतली मैत्रीण मंगला लग्न होऊन वरवट बकालला गेली. तिचा दीर रमेश सातपुड्याच्या पायथ्याच्या एका धरणात पिंजरे टाकून मासे वाढवतो.

एसटीने पूर्णा नदी ओलांडली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कंबरेएवढी कपाशी, पिवळं पडू लागलेलं सोयाबीन. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठी चालल्या?"

"धरणावर. पिंजऱ्यातले मासे बघायला."

त्यांचा चेहरा बदलला. "त्याच धरणाचं पाणी आमी पेतो, बाई. इथल्या हिरीचं पाणी खारं. पोराले मुतखडा, बुढ्याले मुतखडा. आता धरणाचं गोड पाणी आलं, तं त्यातबी वास येऊन राह्यला."

हा सगळा भाग खारपाणपट्टा (जिथे जमिनीखालचं पाणी खारट असतं तो पट्टा) आहे, हे मंगलाने मला पत्ता सांगताना कधीच सांगितलं नव्हतं.

मंगलाच्या घरी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि रमेशच्या पिंजऱ्यातल्या माशाचा रस्सा होता. आमच्यासारखं ओलं खोबरं आणि कोकम नाही. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, वर लाल तर्री. मासा चरबीचा, मऊ, काटा कमी. चवीला किंचित मातकट. मी तसं सांगितलं तर रमेश हसला, पण लगेच गंभीर झाला.

"मासा पटला नाई तं चालते, ताई. पण लोकं म्हनतात मी पाणी नासवलं. अन् काठावरचे भोई म्हनतात, मी त्याईची जाळ्याची वाट अडवली. आता पिंजरे तोडतो म्हनतात."

"कोण म्हणतं तोडतो म्हणून?"

"म्हनतात," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

"घरात हल्ली असंच," मंगला हळूच म्हणाली. "कोणी पोटभर जेवत नाही."

सकाळी आम्ही तिघं धरणावर निघालो. सातपुडा ढगांत बुडालेला होता. बांधावर पोचायच्या आतच मला वास आला. मासळीवर आयुष्य काढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

पिंजऱ्यांवर मासे पालथे तरंगत होते. पांढऱ्या पोटांनी पाणी झाकून गेलं होतं. जे जिवंत होते ते वर येऊन तोंडं उघडत होते. रमेश बांधावर उभा राहिला आणि खाली बसला.

त्याचा भागीदार दिलीप आधीच आला होता. सोबत गावातली बरीच माणसं. "जहर टाकलं!" तो ओरडला. "भोयाईनं जहर टाकलं!"

हा शब्द बांधावर एकदम पसरला. जहर म्हटल्यावर माणसांना मासे दिसेनात, घरातले हंडे दिसू लागले. कोणी मोबाइलवरून गावात कळवत होतं, नळाचं पाणी पिऊ नका. बायका रडू लागल्या. बघता बघता काठ्या निघाल्या आणि घोळका काठावरच्या भोयांच्या वस्तीकडे वळला.

मंगलाने माझा हात धरला. "तू इथेच थांब." पण ती स्वतः चालू लागली, म्हणून मीही गेले.

वस्तीतून एक बाई पुढे आली. मंगला म्हणाली, ही सीताबाई. नांदुऱ्याच्या बाजारात मासे विकते. खांद्यावर ओलं जाळं, मागे दाराशी लेकरं. ती हलली नाही.

"काऊन आले काठ्या घेऊन?"

"जहर कोनं टाकलं?" दिलीप तिच्या अगदी तोंडासमोर गेला.

"आमची लेकरं याच धरणाचं पाणी पेतात. जहर टाकून मरू का आमी?" एवढं बोलून तिने दिलीपकडे पाठ केली. ती घोळक्यामागून आलेल्या रमेशकडे बघू लागली. "तू सांग नं, रमेश. काऊन मेले तुहे मासे?"

दिलीपने काठी वर केली होती. ती खाली आली असती तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मी आजही टाळते.

"थांब, दिलीप." रमेश पुढे येऊन हळू म्हणाला. "कोनंच जहर टाकलं नाई. माह्या हातानं मेले ते. मले शिकवताना सांगतलं होतं, पिंजऱ्यात दाटी करू नका. मी केली. आभाळ असं बंद, वारा नाई, पाण्यातली हवा सरली. गुदमरले ते. मले पाह्यल्याबरोबर समजलं होतं."

"चूप बैस बे!" दिलीपने त्याला ढकललं. "सारं डुबवतं का?"

रमेश चिखलात पडला. उठून परत तेच बोलला, या वेळी मोठ्याने. घोळक्यात शिव्या सुरू झाल्या, त्या आता त्याच्यासाठी होत्या. पण काठ्या जमिनीला टेकल्या.

सीताबाईच म्हणाली, "सडायच्या आत काढा आधी. मंग भांडा."

वस्तीतल्या होड्या पाण्यात उतरल्या. मग गावातले काही जण. मी पदर खोचला आणि काठावर टोपल्या ओढू लागले. बांधापलीकडे खड्डा खणून चुना टाकून ते मासे पुरले. हाताचा तो वास पुढे साबणानेही गेला नाही. दिलीप मात्र लांबूनच बघत राहिला आणि दुपारी निघून गेला.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. काहींना पिंजरे कायमचे बाहेर हवे होते. एक बागायतदार म्हणाला, पोरांना गावातच काम मिळालं ते घालवू नका. सीताबाई फक्त वाटेचं बोलली; जाळ्याला वाट पाहिजे. पाणी तपासून येईपर्यंत टँकर मागवायचा आणि उरलेले पिंजरे, गावाच्या नळाचं पाणी जिथून उपसतात त्या धरणातल्या विहिरीपासून दूर न्यायचे, एवढंच ठरलं. बाकीचं तसंच राहिलं. रमेशशी फारसं कोणी बोललं नाही.

परतताना तोच मला मोटारसायकलवरून नांदुऱ्याला सोडायला आला. गाडी यायला अवकाश होता. फलाटावर चहा पिताना मी विचारलं, "गप्प राहिला असतात तर? भीती नाही वाटली?"

"वाटली नं." त्याने कप बाकावर ठेवला. "बोललोबी नसतो, ताई. पण त्या बाईनं काठीकडं पाह्यलंच नाई. माह्याकडं पाह्यलं."

गाडीत खिडकीशी बसले. रानं मागे जात होती. पिंजऱ्यातला मासा चांगला की वाईट, याचं उत्तर आणायला मी गेले होते, आणि ते काही मला मिळालं नाही. व्यापाऱ्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. दापोलीला परतल्यावर आधी त्याला विचारलं, हा मासा कुठल्या पाण्यातला, आणि ते पाणी पितं कोण? त्याला ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला.