गुळाचा हात

मीटरवर तीनशे अडुसष्ट आलं. तासाभरापूर्वी एकशे ऐंशी होतं.

"काका, काय खाल्लंत?"

"काय न्हाई, पोरी."

काका सांगलीतले गुळाचे जुने व्यापारी. पायाच्या जखमेत पू झालेला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्याआधी साखर ताब्यात यावी म्हणून इन्सुलिन ड्रिप लावलं होतं. म्हणजे छोट्या पंपातून इन्सुलिन थेट शिरेत जातं. दर तासाला बोट टोचून साखर बघायची आणि चार्टप्रमाणे पंपाचा वेग बदलायचा. शिरेतलं इन्सुलिन लगेच काम करतं. चूक झाली तर तीही लगेच दिसते.

कॉटशेजारी कागदाच्या पुडीत गुळाचा खडा होता. त्यांच्या पेढीवरचे दिवाणजी सकाळी देऊन गेलेले.

"मग हे काय?"

"अगं, सौद्याचा नमुना हाय. बोटात चोळून बघितला. कण कळतोय त्यानं. जिभंला लावला न्हाई."

शेजारी बसलेली त्यांची सून हसली. "ह्यांचं काय खरं मानू नका सिस्टर. परवा उशीखाली पेढा घावला."

मी डॉक्टरांना फोन केला. "पेशंटने गूळ खाल्लाय, सर."

"खाणारच. चार्टप्रमाणे वाढव."

वाढवलं. बारा वाजता त्याच हाताचं शेजारचं बोट स्पिरिटने पुसून टोचलं. तीनशे बावन्न. परत वाढवलं.

"काका, खोटं बोलून तुमचाच पाय जाईल," मी सुनेसमोर म्हणाले.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "बरं. खाल्ला म्हण."

पाऊण वाजता सून धावत आली. काका घामाने भिजले होते. हाक मारली तर ओ देत नव्हते. सुनेने घाबरून त्यांचं तोंड आणि हात ओल्या टॉवेलने खसाखसा पुसले होते. मी बोट टोचलं. एक्केचाळीस.

पंप बंद केला. ग्लुकोज शिरेत दिलं. डॉक्टर धावत आले. दहा मिनिटांनी काकांनी डोळे उघडले. टॉवेलवर पिवळट डाग होता. तो बघून मला उलगडा झाला. साखर रक्तात नव्हती, बोटावर होती. स्पिरिटच्या बोळ्याने ती निघाली नव्हती.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील गुऱ्हाळावर कामाला होते. ते घरी आले की दाराची कडीसुद्धा चिकट व्हायची. त्या कमाईवर आणि शाळेतल्या बाईंनी भरून दिलेल्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. गुळाचा हात कसा असतो, हे त्या वॉर्डात काकांच्या खालोखाल मलाच ठाऊक असायला हवं होतं.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. पाय वाचला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'बोट अस्वच्छ असल्याने चुकीचं रीडिंग.' पेशंटने आधीच सांगितलं होतं, हे वाक्य मी लिहिलं नाही. सुनेलाही सांगितलं नाही. तिच्या लेखी काकांनी गूळ खाल्लाच होता.

पुढचे आठ दिवस मी मीटर घेऊन गेले की काका आधी बेसिनपाशी लंगडत जायचे. साबणाने हात धुवायचे आणि माझ्यापुढे धरायचे.

"घ्या, सिस्टर."

पोरी म्हणून त्यांनी मला परत हाक मारली नाही.

आता मी टोचण्याआधी हात धुवून घेते. आणि पेशंट काही सांगत असेल, तर ते संपेपर्यंत सुई उघडत नाही.