चार काड्या आणि सलूनचा फवारा

कात्रीमामांनी आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही त्यांना धड जमली नाही.

चौकातलं सलून मामांचं, तर डोंगरावरची वणव्याची चौकी त्यांच्या बायकोची. तिला सगळे पाटीबाई म्हणत. चौकीबाहेर टांगलेल्या चार काड्या बाई रोज सकाळी आठ वाजता तोलायच्या. पूर्ण सुकल्या की त्या बरोबर शंभर ग्रॅम भरत. शंभराच्या वर जितके ग्रॅम, तितका रानात ओलावा. त्यावरून लाल, पिवळी किंवा हिरवी पाटी लागायची. लाल असली की डोंगरावर चूल नाही, विडी नाही, यंत्र नाही.

यंदा पावसाने दगा दिला होता. सलग एक्केचाळीस दिवस पाटी लाल, आणि आग मात्र एकही नाही. तीन वर्षांपूर्वी चांगला पाऊस झाला, तरी विजेची एक तार तुटून अर्धा डोंगर जळाला, हे कोणी विसरलं नव्हतं. "वहिनींच्या काड्यांना काय कळतंय, मामा? सगळा नशिबाचा खेळ!" गिऱ्हाइकं खुर्चीत बसून ऐकवायची आणि हातात वस्तरा असूनही मामांना गप्प बसावं लागायचं. त्यात वनखात्याचे साहेब बजावून गेले होते, की हाही मोसम आगीविना रिकामा गेला तर चौकी बंद.

"आग लागली तर डोंगर जाणार, नाही लागली तर माझी नोकरी," बाई जेवताना हसत म्हणाल्या. "आता मी मागू तरी काय?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मामांना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा द्यायला चौकीवर गेले. बाई दुर्बीण घेऊन मनोऱ्यावर चढल्या आणि मामांनी खिशातून सलूनचा फवारा काढला. एक दिवस हिरवी पाटी लागली तर लोकांची तोंडं बंद होतील, बाई उगाच रोज लाल लावून घाबरवत नाहीत हे साहेबांनाही पटेल, असा त्यांचा हिशेब. काड्यांना त्यांनी चांगली आंघोळ घातली.

आठला काटा एकशे एकवीसवर गेला. "दव तर पडलं नाही," बाई पुटपुटल्या. पण काडी सांगेल तो रंग, हा त्यांचाच नियम. हिरवी पाटी लागली.

दहाच्या सुमारास रस्त्याच्या कामाचा मुकादम दाढीला बसला. अर्धा गाल झाला असेल-नसेल. "आटपा मामा! दीड महिन्याने हिरवी दिसली. माझी माणसं वर पाइप कापायला लागलीसुद्धा!"

पाइप कापायचा म्हणजे ठिणग्यांचा नुसता सडा. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ती पाटी खोटी आहे! मी काड्या भिजवल्या!" पुढची दोन मिनिटं डोंगराच्या वाटेवर फवारावाला पुढे आणि अर्ध्या दाढीचा, फेसाने माखलेला मुकादम मागे, अशी वरात सगळ्या चौकाने पाहिली.

यंत्र थांबलं. शेजारच्या गवतात ताटाएवढा काळा डाग होता. एका माणसाने बुटाने चिरडून आग विझवली होती. वाऱ्याची झुळूकही नव्हती म्हणून ते जमलं.

मामांनी बायकोपुढे कान पकडून सगळं सांगितलं. बाईंनी हात पुढे केला. "आणा तो फवारा." नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'काड्या ओल्या. कारण: नवरा.' आणि साहेबांना स्वतःच फोन लावला. नोकरी गेली, असंच त्या धरून चालल्या होत्या.

दुपारी साहेब त्या काळ्या डागापाशी उकिडवे बसले. "एका हिरव्या पाटीने दोन तासांत हे केलं," ते म्हणाले, "आणि एक्केचाळीस लाल पाट्यांत काहीच नाही. हा मोसम रिकामा नव्हता तर, बाई."

"आज वारा असता तर डोंगर गेला असता, साहेब. रान किती सुकलंय ते मी तोलते. वारा आणि ठिणगी मला तोलता येत नाही."

चौकी राहिली. दुसऱ्या दिवशी काड्या एकशे तीन भरल्या. लाल पाटी रोज मामांनीच लावायची, ही त्यांची शिक्षा. फवारा चौकीतच जप्त आहे, त्यामुळे ते गिऱ्हाइकांचे केस वाटीतल्या पाण्याने भिजवतात. कोणी अजून म्हणालंच, की सगळा नशिबाचा खेळ, तर मामा मान डोलावतात.

"खरंय. म्हणून तर पाटी लाल."