दहावीच्या वर्षी मी वाचले, त्याबद्दल
बाबांची दिल्लीला बदली झाली तेव्हा मी नववीत होते. नाशिक सुटलं आणि आम्ही दिल्लीतल्या द्वारका भागात राहायला आलो. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी बाईंना "मेरे को पता है" असं म्हणाले आणि सगळा वर्ग हसला; तिथे 'मुझे' म्हणतात. तेव्हापासून माझं नाव 'मेरेको' पडलं. पुढे मुलींनी व्हॉट्सअ‍ॅपवर माझा डबा खातानाचा फोटो फिरवला. मी डबा खाणंच सोडलं.

झोपही गेली. गणितात मार्क घसरले तसा बाबांचा आवाज चढत गेला. "तुझ्यासाठीच इथे राबतोय ना आम्ही?" ते म्हणायचे. मला वाटू लागलं, मी नसले तर आई-बाबांचं ओझं तरी उतरेल. एकदा आईला म्हटलं, "मला इथे नको वाटतंय." ती कणीक मळत होती. "दहावी एकदा होऊ दे, मग बघू," ती म्हणाली.

दहावीच्या प्री-बोर्ड सराव परीक्षेआधी, एका दुपारी घरी कुणी नसताना, मी जीव द्यायचा प्रयत्न केला. आईचं डोकं दुखत होतं म्हणून ती ऑफिसातून लवकर आली. एवढ्यावर मी वाचले.

हॉस्पिटलात बाबा नातेवाइकांना फोनवर सांगत होते, "काही नाही, बाहेरचं खाणं बाधलं." मग माझ्याजवळ येऊन बसायचे. "कारण काय ते तरी सांग, बेटा." काय सांगणार? एक असं कारण नव्हतंच. डॉक्टरबाईंनी मात्र 'का' विचारलं नाही. "नींद कब से नहीं आ रही?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदा रडले.

उपचार बरेच महिने चालले. शाळा बदलली, दहावी एक वर्ष उशिरा दिली. आता मी कॉलेजात आहे, मैत्रिणी आहेत, झोप लागते. बाबा मात्र त्यानंतर कधीच माझ्यावर ओरडले नाहीत. काही बोलायचं असलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात, आणि बऱ्याचदा बोलायचं राहूनच जातं. पूर्वी आम्ही दोघं क्रिकेटवरून केवढे भांडायचो.

आजही आंघोळीला थोडा जास्त वेळ लागला की बाहेरून आईची हाक येते, "काय गं, पाणी गरम आहे ना?"

ती काय विचारतेय ते मला कळतं. "हो आई, आहे," मी आतून मोठ्यानं सांगते.