साडेतीन टक्के फॅट कुठून आलं?

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट उघडला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. फॅटच्या रकान्यात ४.८ असा आकडा होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

आमचं फूड युनिट हायवेला लागून, कामथडीच्या अलीकडे आहे. मी तिथे फूड टेक्नॉलॉजिस्ट. पुण्यातल्या एका कॅफेने आमच्याकडून लो-फॅट सॅलड ड्रेसिंग मागितलं होतं. शंभर ग्रॅममध्ये फॅट तीन ग्रॅमच्या आत असेल तरच लेबलवर लो-फॅट छापता येतं. माझ्या हिशेबाने ते सव्वा होतं. त्या हिशेबावर भरवसा ठेवून, रिपोर्ट यायच्या आधीच मी चाळीस बाटल्यांवर सही करून आदल्या संध्याकाळी टेम्पो रवाना केला होता. कॅफे बारा वाजता उघडायचा.

आता हे ड्रेसिंग म्हणजे काय ते सांगते. कोशिंबिरीत दही जे काम करतं, तेच काम सॅलडमध्ये ड्रेसिंग करतं. त्यात एरवी तेल भरपूर असतं. तेलामुळे ते पानाला चिकटून राहतं आणि तोंडात गुळगुळीत लागतं. तेल काढलं की सगळं पाणी होऊन वाडग्याच्या तळाशी बसतं. म्हणून आम्ही साय काढलेल्या दुधाचा चक्का घेतला. त्यात मोहरीची पेस्ट, लिंबू, भाजलेलं जिरं आणि दाटपणासाठी चिमूटभर गम, म्हणजे खाण्याचा डिंक. गम कमी पडला की पाणी सुटायचं, जास्त झाला की चमच्याला तार यायची. पाच सॅम्पल मी स्वतः ओतून दिली. सहावं मात्र अचानक जमलं. दाट, खमंग, पानाला धरून राहणारं. कॅफेच्या शेफने, म्हणजे रोहनने, फोनवर मला चक्क धन्यवाद दिले. मी ते सगळे गमच्या खात्यावर जमा केले आणि दोन दिवस युनिटमध्ये मान ताठ करून फिरले.

आणि आता ४.८.

पहिला संशय चक्क्यावर. डेअरीने साईचं दूध तर नाही ना दिलं? आमच्या छोट्या लॅबमध्ये तपासलं. चक्का बरोबर होता. मोहरीच्या पेस्टचा डबा पाहिला, तोही ठीक. मग मी मिक्सिंगच्या खोलीत जाऊन सुमनताईंना विचारलं. सुमनताई मूळच्या हिर्डोशीच्या, आता लेकीकडे कामथडीत राहतात. सहाव्या सॅम्पलपासून बॅच त्याच करत होत्या. हात इतका नेटका की काट्यावर ग्रॅमचा फरक यायचा नाही.

"ताई, रेसिपीत नाही असं काही टाकलंत का?"

"न्हाई बा. तुमी लिवलंय तेवढंच."

"तेल, तूप, काहीच नाही?"

"तेल कशाला घालू? लो-फॅट हाय नव्हं?"

त्या खोटं बोलणाऱ्या नव्हेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तर जास्तच बेचैन झाले. खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, काट्याचा बॅलन्स तपासला, घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. शेवटी म्हटलं, "माझ्यासमोर अर्धा किलो करून दाखवा."

त्यांनी केलं. चक्का मोजला, मोहरी मोजली, लिंबू, जिरं, मीठ, गम, सगळं कागदाप्रमाणे. मग खाली वाकून स्वतःच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि काट्याकडे न बघता एक मूठ आत टाकली.

"हे काय?"

"कूट."

"दाण्याचं?"

"मग काय तिळाचं? म्या घरूनच आणते, हितल्या मिक्सरचं लई भरड निघतं."

"ताई, रेसिपीत कूट कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही येत नसावं. "कूट काय लिवायचं असतं व्हय? तुमच्या त्या वाडग्यात पाणी सुटत हुतं. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटलं की कूट घालायचं, येवढंच की."

बारा किलोच्या बॅचमागे जवळजवळ एक किलो कूट जात होतं. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं. साडेतीन टक्क्यांचा हिशेब तिथेच लागला. पुढे ते मोठ्या ब्लेंडरमधून इतकं बारीक होऊन निघायचं की कण दिसायचा नाही. पण चव? मी सोळा वर्षं चवीचा पगार घेते आणि मला दाणे ओळखू आले नाहीत. कूट नसतं तर लगेच कळलं असतं. असलेलं मराठी जिभेला कळत नाही.

फॅट ही लेबलची चूक होती, ती निस्तरता आली असती. पण त्या लेबलवर शेंगदाण्याचं नावच नव्हतं. काही लोकांना दाण्याची अॅलर्जी असते, एका चमच्यानेही घसा सुजतो. हे डोक्यात आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

रोहनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मालकांच्या, जगतापसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन कुटाचं सांगितलं.

"म्हणजे ती चव कुटाची होती?" ते म्हणाले. "मॅडम, आपल्याकडे दाण्याने कुणाला काय होतंय? पुढची बॅच नीट करा. कशाला ओढवून घ्यायचं?"

"सर, लेबल खोटं आहे."

"हातची ऑर्डर जाईल. आणि त्या बाईला उद्यापासून नको."

"सही माझी आहे. त्यांना काढलंत तर मलाही काढावं लागेल."

ते काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. रोहन होता. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मॅडम, आमच्या काउंटरवरच्या प्राचीला दाणे चालत नाहीत. मागे हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. नवीन काही आलं की पहिला चमचा तीच घेते. सॅम्पल आलं तेव्हा ती सुट्टीवर होती, म्हणून वाचली. थांबा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, मग भांड्यांचा आवाज, मग नुसतंच किचन. जगतापसाहेब टेबलावर पेन आपटत होते, तेही थांबले. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत उभी राहिले. मला फार भीती वाटली, हे लिहायला लाज नाही.

"बाटली तिच्या हातात होती," रोहन परत आला. "सील तोडलं नव्हतं."

मी खुर्चीत बसले. केबिनमधली ती खुर्ची पाहुण्यांची आहे, तरी जगतापसाहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

चाळीसच्या चाळीस बाटल्या परत आल्या. रोहन चांगलाच चिडला, ते रास्त होतं. तरी त्याने एक आठवडा दिला, मी आपणहून फोन केला म्हणून. सुमनताई राहिल्या. त्या आठवड्यात त्यांनीच भाजलेल्या नाचणीच्या पिठाची पेज करून चक्क्यात घालून पाहिली. आंबिलीला दाटपणा येतो तसा आला आणि भाजका वासही आला. फॅट दीड टक्का. रोहनला आवडलं. लेबलवर दोन ओळी ठरल्या: लो-फॅट आणि साखर घातलेली नाही.

रेसिपीबाहेरचं काही टाकलं का, हा प्रश्न मी आता कुणाला विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी नाही असंच येतं. या नव्या बॅचवर सही करायच्या आधी पेन बाजूला ठेवून मी सुमनताईंना विचारलं, "हेच घरी केलंत तर काय काय घालाल?"

त्यांनी बोटांवर मोजलं. चक्का, नाचणी, मोहरी, लिंबू, जिरं, मीठ.

"अजून?"

"अजून काय न्हाई," त्या म्हणाल्या. "चिमूटभर साखर घातली हाय, पर ती काय सांगायची."