नाताळचे अनारसे नेमके कोणाचे?

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

दर नाताळला शेजारच्या सिस्टरकाकूंकडून फराळाचं ताट येतं. काकू निवृत्त नर्स. त्यांचे अनारसे इतके जाळीदार, की दरवर्षी मी आईला ऐकवते, "तुझे दिवाळीत असे काहून होत नाहीत?"

यंदा त्यांची युक्ती लिहून घ्यायला आज वही घेऊनच गेले. काकू नाताळच्या तयारीला लागल्या होत्या. फळीवरून त्यांनी स्टीलचा डबा काढला. आत अनारशाच्या पिठाचा गोळा होता. अन् झाकणावर चक्क माझ्या आईचं नाव कोरलेलं!

"अवं, डिसेंबरात माही ड्युटी राहायची. तीन दिवस तांदूळ भिजवाले सवड कुठं? तवापासून तुही आई दिवाळीतच दुप्पट पीठ करते अन् अर्धं मले देते. नाताळपर्यंत मस्त मुरते."

कोरी वही घेऊन घरी आले. आई भाजी निवडत होती.

"इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"

तिने मानही वर केली नाही. "माह्याच पिठाचे हायेत म्हणून सांगितलं असतं, तं तुले इतके गोड लागले असते का?"

मी अजून विचारच करून राह्यली. तुम्हीच सांगा, लागले असते का?