नोएलीनने गिरवलेल्या कडा

न्यूझीलंडमधल्या डनिडन शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोएलीन टिपा एकोणीस वर्षं एकच काम करत आली होती. उंदरांच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो पडद्यावर घ्यायचे आणि वाहिनीच्या भिंतीची आतली-बाहेरची कड माउसने गिरवायची. त्यावरून भिंतीची जाडी निघे आणि रक्तदाबाचं नवं औषध भिंत पातळ करतं की नाही, ते कळे. तिच्या रेघेवर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

मार्चमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या सेफोने प्रोग्राम लिहिला. तो कडा आपल्या आपणच शोधायचा. चाळीस फोटोंवर दोघांची रेघ ताडून पाहिली, तर अकरा ठिकाणी नोएलीनची बाहेर पडली होती.

"तुझं यंत्र धुक्यात चाचपडतंय बघ."

"असेल गं. फोटो धूसर असला की चुकतं ते," सेफो हसला.

तिला हसू आलं नाही. फोटो स्वच्छ होते, आणि अकराही गेल्या सात महिन्यांतले, औषध न दिलेल्या उंदरांचे. औषध दिलेल्यांचे फोटो तिने त्याआधीच गिरवून संपवले होते. त्यांच्या भिंती उगाच जाड दिसल्या, तर औषध फुकटचं गुणकारी ठरणार होतं.

दुपारी सगळे चहाला गेल्यावर तिने एकच फोटो तीनदा गिरवला. तीन रेघा, तीन ठिकाणी. मग भीतभीत उजवा डोळा हाताने झाकून चौथ्यांदा गिरवला. रेघ नेमकी प्रोग्रामच्या रेघेवर बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. शुक्रवारी औषधावरचा लेख छापायला जायचा होता. गुरुवारी ती प्रमुखांच्या, एल्साच्या, दारात उभी राहिली.

"एल्सा, उद्या लेख पाठवू नकोस. सात महिन्यांच्या माझ्या रेघा चुकल्यात."

एल्साने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणाला कळलंही नसतं, नोएलीन."

"मला कळलंय ना!"

सगळं पुन्हा मोजलं. औषधाचा गुण निम्म्यावर आला, लेख लांबला आणि एल्सा कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. शस्त्रक्रियेनंतर नोएलीन प्रोग्रामच्या रेघा तपासायला बसली. पहिल्याच आठवड्यात तिला चार चुका सापडल्या. बाहेर चिकटलेली चरबी त्याने भिंतीत धरली होती. पण दुरुस्त करण्याआधी प्रत्येक वेळी ती हाक मारायची, "सेफो, जरा इकडे ये रे. मला दिसतंय, ते तुलाही दिसतंय का?"