उरलेल्या बावीस गुंजा

वडील गिरणीतून निवृत्त होऊन मुलुंडला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा अफूचा सरकारी पास त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. गुडघेदुखीवर उपाय म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केलेली ती सवय. सकाळी सहा गुंजा, संध्याकाळी सहा. वेळ टळली की नाक वाहायचे, पोट बिघडायचे, आणि ते भिंतीकडे तोंड करून कण्हत पडायचे.

पुढे पासावरचा माल कमी होऊ लागला. एक दिवस तो बंदच होणार हे दिसत होते. म्हणून डॉक्टरांना विचारून मी त्यांची मात्रा हळूहळू उतरवायचे ठरवले. सोनाराकडून जुना काटा आणला आणि वजनाला गुंजेच्या लाल बिया. दर पंधरा दिवसांनी दोन्ही वेळची अर्धी अर्धी गुंज कमी. डबा कपाटात, किल्ली माझ्या करदोट्याला.

मी तोलत असताना वडील समोर बसायचे. "काय रे झिला, सोनार झालंस काय?"

"बाबा, ठरलंय ना आपलं?"

"ठरला रे. पण ह्या चिमणेक तरी पुरात काय?"

माझी पत्नी हसायची. तेही हसायचे, पण नजर पारड्यावर असायची.

बारा वेळा कमी केल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी, आकडा शून्यावर आला. वडील जेवू लागले, बाजारापर्यंत चालत जाऊ लागले. डब्यात बावीस गुंजा उरल्या होत्या. पत्नी म्हणाली, "मोरीत टाका आणि मोकळे व्हा." मी ऐकले नाही. सरकारी माल पासासकट परत करायचा असतो. चिठ्ठीवर 'शिल्लक २२ गुंजा' असे लिहून ती डब्यात ठेवली. ऑफिसात सहामाहीची कामे होती, रजा मिळेना. आता वडिलांना गरज नाही, म्हणून कपाटाला किल्ली लावणेही सोडले.

असे एक्केचाळीस दिवस गेले.

त्या शनिवारी सकाळी वडील म्हणाले, "आज गुडघे खूप ठणकतत रे."

"संध्याकाळी तेल लावू," असे म्हणून मी निघालो.

शनिवारचा अर्धा दिवस भरून दोनला घरी आलो. पत्नी दळण आणायला गेली होती. वडील पलंगावर होते, ओठ निळे पडले होते, श्वास नव्हता. टेबलावर काटा होता. एका पारड्यात सहा लाल बिया, दुसरे पारडे रिकामे. त्यांनी हावरेपणा केला नव्हता. नेहमीची सकाळची मात्रा नीट तोलून घेतली होती.

डॉक्टर म्हणाले, "अंगाची सवय गेली होती. पूर्वी पचायची, तेवढीच आता विष."

कमी कशी करायची, हे मी त्यांना विचारले होते. नंतरचे विचारले नव्हते.

तेराव्यानंतर डबा आणि पास घेऊन सरकारी दुकानात गेलो. तिथल्या कारकुनाने डब्यातला माल तोलला, चिठ्ठी वाचली, पुन्हा तोलला.

"यावर बावीस लिहिलंय. सोळाच भरतात. सहा कुठे गेल्या?"

"ज्यांचा पास आहे, त्यांनी घेतल्या."

"मग त्यांची सही लागेल. घेऊन या त्यांना."

मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने तो वाचला, माझ्या चिठ्ठीवरचे बावीस खोडले आणि वर सोळा लिहिले.